हेतू आणि हिसबा

हैदराबादच्या शिबलीगंज भागातील जामिया निजामिया ही मदरसा-संस्था 1876 साली स्थापन करणारे मौलाना अनवारुल्लाह फारूकी मूळचे नांदेडकडचे. सहाव्या व सातव्या निजामांचे ते गुरू होते आणि पुढे उमूर-ए-मजहबी, म्हणजे संस्थानच्या धर्मखात्याची सूत्रेही त्यांच्याकडे आली. विद्वत्ता आणि राजसत्ता अशी एका हाती आली की इस्लामी कायद्यातील एक जुना प्रश्न उभा राहतो: लोकांच्या नीतीवर अंकुश कोणी आणि कुठवर ठेवावा?

या कायद्यामागील हेतूंना 'मकासिद' म्हणतात. इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता या पाचांचे रक्षण हे मुख्य हेतू मानले व पुढे आंदालुसियाच्या (मुस्लिम स्पेनच्या) शातिबींनी त्यांची सविस्तर मांडणी केली. हे हेतू समाजात राखले जावेत म्हणून सत्कृत्याची आज्ञा करावी आणि दुष्कृत्यापासून परावृत्त करावे, या कर्तव्याला 'हिसबा' आणि ते पार पाडणाऱ्या अधिकाऱ्याला 'मोहतसिब' म्हणतात. त्याचे बरेचसे काम मात्र बाजारातले, खोटी वजने-मापे आणि भेसळ पकडण्याचे असे.

गजालींनी घातलेली मर्यादा अधिक लक्षणीय आहे: घरातील वाद्यांचा आवाज रस्त्यावर येत असेल तर हटकता येते, पण भिंतीला कान लावून तो ऐकता येत नाही, आणि एखाद्याने अंगरख्याखाली काही लपवले असल्याच्या नुसत्या संशयावरून झडती घेता येत नाही. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर तिथला सक्तीचा अधिकार सरला; जामियाचा फतवा विभाग आजही विचारणाऱ्यास मत देतो, जे मानणे न मानणे विचारणाऱ्याच्या हाती असते.