बुटका जॅक

मोटार म्हणजे घरजावई. त्याची सरबराई घरच्या घरीच करावी, असे बीडमध्ये राहून माझे मत झाले आहे. त्यासाठी जॅक घ्यायला जावे, तर दुकानदार विचारतो, “किती टनी?” अहो, गाडीचा एकच कोपरा उचलायचा, २ टनी पुष्कळ झाला. खरा प्रश्न, तो खाली किती बसतो! साधा ट्रॉली जॅक १३-१४ सेंटिमीटर उंच असतो. चाकातली हवा गेली, की तो गाडीखाली शिरताना अडतो. बुटका ८-९ सेंटिमीटरांचा. म्हणून चाकाची हवा सोडून, तिथली उंची पट्टीने मोजूनच बाजारात जावे. मात्र तो वर किती जातो, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. गाडी उचलताना ट्रॉली जॅक स्वतःही किंचित सरकतो. पावसाळ्यात माजलगाव-परळीकडच्या काळ्या मातीत त्याची चाके रुतली, तर तो सरकणार कसा? मग वरची बैठक गाडीवरून निसटते. तेव्हा सिमेंटची सपाट जमीन हवी.

आणि आतले तेल गळू लागले, की हा पहिलवान मुकाट्याने खाली बसतो! म्हणून लोखंडी घोड्यांची जोडी त्याच दिवशी घ्यावी. घोड्या न लावता मी गाडीखाली दिसलो, तर पाय धरून बाहेर ओढा, अशी मुलांना माझी सक्त ताकीद आहे.