धडकेनंतर टायर घासतंय? आधी टेप लावा

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरकडे बोलेरो किंवा जुनी थार शेतातही जाते आणि दवाखान्यातही. अशी गाडी मेहकर रस्त्यावर पुलाच्या कठड्याला धडकली किंवा पांदण रस्त्यावर काळ्या मातीत घसरून बांधावर आदळली, की पत्रा ठोकून, रंग मारून ती पुन्हा कामाला लागते. मग वळण घेताना चाकाजवळ खरखर सुरू होते.

पहिला सल्ला ठरलेला: अलाइनमेंट करा, आवाज जाईल. पण अलाइनमेंटने मुख्यतः चाकांची दिशा जुळते. वाकलेला लोअर आर्म किंवा सरकलेला ॲक्सल त्याने जागेवर येत नाही. टाय रॉड फिरवून वाकडी गाडीही सरळ चालवता येते, त्यामुळे ‘हात सोडला तरी सरळ जाते’ हा चेसिस शाबूत असल्याचा पुरावा नव्हे.

पुरावा टेप देतो. गाडी सपाट जागी, स्टेअरिंग सरळ ठेवून उभी करा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. बोलेरोत हे अंतर 2680 मिलिमीटर असतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातला असू शकतो. एक बाजू दोन सेंटिमीटरने कमी भरली, तर पुढचं चाक मागे गेलंय किंवा मागचं पुढे आलंय. कोणतं, ते चेसिसवरच्या ठरावीक छिद्रापासून मोजून कळतं. मडगार्डपासून मोजू नका, पत्रा स्वतःच वाकलेला असतो.

मागे पाट्यांखाली वाकून बघाच. पाट्यांचा जुडगा सेंटर बोल्टने बांधलेला असतो आणि त्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बसतं. धक्क्याने बोल्ट तुटला, तर यू-बोल्ट जागेवर दिसत असतानाही ॲक्सल सरकतो. गंजलेल्या लोखंडावर यू-बोल्टशेजारी ताजी चकचकीत पट्टी दिसली, तर नुसतं आवळून भागवू नका. 2020 नंतरच्या थारला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे ॲक्सल धरून ठेवणारे रॉड आणि त्यांचे बुश तपासा.

‘टायरच मोठं आहे’ हेही फार ऐकू येतं. तेच टायर धडकेआधी घासत नव्हतं, तर दोष त्याचा कसा? टायर किंवा रिम नंतर बदललं असेल, तेव्हा मात्र मापाचे आकडे मूळ मापाशी जुळवा.

चाकामागे स्पेसर टाकणं हा तर उपायच नाही. चाक बाहेर येतं, वळताना मोठा फेरा घेतं, बेअरिंगवर ताण वाढतो आणि वाकलेला भाग वाकलेलाच राहतो. आर्म किंवा टाय रॉड तापवून सरळ करणंही धोक्याचं. तापवल्याने पोलाद कमकुवत होऊ शकतं. तो भाग नवाच घाला.

दुरुस्तीनंतर नेहमीचा माल भरून पुन्हा पाहा, कारण काही वेळा टायर गाडी दबल्यावरच घासतं. आणि टायरच्या बाजूच्या भिंतीतून दोरे दिसू लागले असतील, तर त्यावर पंक्चरचा तुकडा चालत नाही. ते टायर उतरवा.