नसलेल्या पदकाचा माग

आजोबांची तीन पदकं घरात आहेत. '१९३९-४५ स्टार', 'आफ्रिका स्टार' आणि एक गोल 'वॉर मेडल'. 'इटली स्टार' मात्र नाही. आणि आजोबा मोठ्या लढाईत इटलीत होते, हे तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ. लाल, पांढऱ्या, हिरव्या फितीचं ते पदक कुणीतरी मोडीत घातलं असणार, अशी थोरल्या काकांची खात्री होती. आत्याला वेगळंच खटकायचं. आजोबांच्या इटलीच्या गोष्टींत बर्फ असायचं, बंद रेल्वेचे डबे असायचे, उकडलेले बटाटे असायचे. बंदूक कधीच नसायची.

उलगडा झाला तो आजोबांचं डिस्चार्ज बुक आणि शीट रोलची नक्कल शेजारी-शेजारी ठेवल्यावर. शीट रोल म्हणजे शिपायाच्या नोकरीचा सगळा जमाखर्च. भरती, बदली, रजा, आजारपण, शिक्षा, सगळं एकेका ओळीत. कारकुनाचं घाईचं इंग्रजी, अर्धवट उमटलेले शिक्के आणि जिकडे-तिकडे आद्याक्षरं. 'टीओएस' म्हणजे पटावर घेतला, 'एसओएस' म्हणजे पटावरून उतरवला, 'एमईएफ' म्हणजे मध्यपूर्वेतली फौज. एवढं कळलं की निम्मी पानं बोलू लागतात.

पहिल्या पानावर ठळक '२/५' आहे. पाहणाऱ्याला ती २ मे ही तारीख वाटेल, पण ती आहे पलटण. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. १९२२ च्या फेररचनेआधी हिचंच नाव '१०५ वी मराठा लाइट इन्फंट्री' होतं. फौजेत ती ओळखली जाते 'काली पांचवीं' म्हणून. पलटण कळली आणि लगेच पुढची ओळ अंगावर आली: '२०-६-४२, बेपत्ता.'

२० जून १९४२. ठिकाण लिबियातलं तोब्रुक बंदर. आदल्या वर्षी याच तोब्रुकनं महिनोन्‌महिने वेढा सोसला होता. १९४२ मध्ये ते एका दिवसात गेलं. कारणं लढाई सुरू होण्याआधीच घडून गेली होती. तटबंदीपुढचे बरेच सुरुंग उपसून गझाला इथल्या आघाडीवर नेले होते आणि रणगाडे अडवायचा खंदक जागोजागी वाळूनं बुजला होता. त्या दिवशी पहाटे जर्मन सेनापती रोमेलनं आग्नेयेकडून घाव घातला. आधी विमानांचा मारा, मग तोफा, मग खंदकावर पूल टाकून रणगाडे. त्या तटावर उभी होती ती ११ व्या हिंदी ब्रिगेडमधली हीच मराठा पलटण. सगळ्या हल्ल्याचा पहिला भार आपल्या पोरांवर पडला, आणि रणगाड्यांपुढे त्यांच्या हाती होतं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण आफ्रिकेच्या जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली. तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होते. बातमी त्यांना रूझवेल्टच्या हातून कळली. रोमेल फील्ड मार्शल झाला. मराठा शिपायांच्या वाट्याला 'बेपत्ता' हा शिक्का आला.

पुढे वेगळ्या शाईत 'युद्धकैदी, इटली'. पदकाचं कोडं इथेच सुटतं. इटली स्टार मिळत असे तो तिथल्या मोहिमेत प्रत्यक्ष सेवा केलेल्यांना. १९४४-४५ मध्ये मराठा पलटणी तिथे लढल्या. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, ते तिथेच. आजोबा मात्र इटलीला पोहोचले ते कैदी म्हणून. पदक कुणी मोडीत घातलं नव्हतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "मग त्यांनी कधी सांगितलं का नाही?"

त्याचं उत्तर कुठल्याही रजिस्टरात नाही. कैद हा डाग मानला जायचा, एवढं मला ठाऊक आहे. तो डाग नव्हता, हे मी ठामपणे म्हणतो.

कैदेच्या नोंदीनंतर शीट रोल गप्प होतो. जवळजवळ दोन वर्षं एकही ओळ नाही. आणि मग अचानक, मे १९४४ च्या पुढे, एक गाव आणि एक देश एकत्र: 'एपिनाल, स्वित्झर्लंड'.

सातारा जिल्ह्यातल्या शिपायाचं स्वित्झर्लंडमध्ये काय काम? तो देश तर युद्धात नव्हताच. पण बरोबर त्याचसाठी. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं दोस्तांशी तह केल्याचं जाहीर झालं. त्यानंतर जर्मनांनी तिथल्या हजारो कैद्यांना डब्यांत कोंबून उत्तरेला नेलं. आत्याच्या आठवणीतले बंद डबे ते हेच. पूर्व फ्रान्समधल्या एपिनाल इथे हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी त्या गावावर बॉम्ब टाकले. छावणीतही बॉम्ब पडले, कैदी मेले, आणि भिंती ढासळल्या. वाचलेले वाट फुटेल तिकडे निघाले. स्विस सरहद्द शंभरेक किलोमीटर दूर होती. भाषा येत नव्हती आणि तोंडावळा लपण्यासारखा नव्हता. फ्रेंच खेडुतांनी जीव धोक्यात घालून त्यांना लपवलं, जेवू घातलं, वाट दाखवली. सुमारे पाचशे हिंदी सैनिक सरहद्द पार करून गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या एवढ्या मोठ्या पलायनाची गोष्ट आपल्याकडे कुठल्या शाळेत सांगतात?

आजोबा त्यांतले एक होते. पुढच्या ओळी साध्या आहेत: मार्सेय बंदर, बोट, रजा, १९४६ ला डिस्चार्ज. वर्तणुकीच्या रकान्यात 'उत्तम'.

तुमच्या घरात असं डिस्चार्ज बुक असेल तर ते वाळवीच्या स्वाधीन करू नका. त्यातला सैनिक क्रमांक आणि पलटण आधी लिहून काढा. कागद गेले असतील तर गोल पदकाची कड भिंगाखाली धरा. हिंदी सैनिकांच्या पदकांवर तिथे बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. मग त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर पत्राआधी त्यांच्याजवळ बसा.