फिजिक्स नको रे बाप्पा!

मुलांनो, तुमच्या वर्गात येऊन कुणी विचारलं, "तुम्हाला सर्वांत अवघड विषय कोणता वाटतो?" तर तुम्ही काय सांगाल? पाचवी-सहावीतली मुलं बहुतेक गणिताचं नाव घेतात. त्याच्या पाठोपाठ इंग्रजी. पण आठवी-नववी आली की एक तिसरंच नाव ऐकू येऊ लागतं, आणि ते घेताना मुलं आवाजही जरा खाली आणतात. फिजिक्स! म्हणजे आपलं भौतिकशास्त्र.

गंमत अशी, की ज्यांनी अजून फिजिक्सचं पुस्तक उघडलंही नाही, तीसुद्धा त्याला घाबरतात. चिंचेवरचं भूत कुणी पाहिलेलं नसतं, तरी रात्री त्या झाडाखालून कुणी जात नाही, तसंच हे. मोठा भाऊ सांगतो, "दहावीपर्यंत निभावतं कसंतरी. अकरावीत जा, मग समजंल तुले!" धाकटा तेव्हापासूनच धसका घेतो.

मी प्राथमिक शाळेतला शिक्षक. माझ्याकडे फिजिक्स या नावाचा विषयच नाही. आमच्याकडे 'सामान्य विज्ञान'. पण सहावीच्या पुस्तकात गती आहे, बल आहे, कार्य आणि ऊर्जा आहे, साधी यंत्रं आहेत. सातवीत हीच पाहुणेमंडळी पुन्हा भेटतात. म्हणजे भुताची पहिली ओळख आमच्याच वर्गात होते. म्हणून मुलं त्याला भितात का आणि काहींना ते इतकं आवडतं का, हे मी गेली काही वर्षं बघतो आहे.

आमचं गाव हिवरा आश्रम, बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ते सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी इथे विवेकानंद जन्मोत्सव होतो आणि शेवटी महाप्रसाद असतो, पुरी आणि वांग्याची भाजी. मोकळ्या शेतात पंगती बसतात, माणसं लाखाच्या वर. एवढ्या लोकांना बादल्या घेऊन पायी वाढायचं म्हटलं तर संध्याकाळ व्हायची. म्हणून पंगतींच्या मधून ट्रॅक्टर फिरतात आणि वाढपी ट्रॉलीतून पुऱ्या वाढतात.

उत्सवानंतर शाळा भरली, की मुलांच्या तोंडी दोन दिवस दुसरा विषय नसतो. मग मीही तोच धरतो. ट्रॅक्टर एकदम सुरू झाला की ट्रॉलीतले वाढपी मागे का कलंडतात? आणि ब्रेक दाबला की पुढे का? ट्रॅक्टरची मागची चाकं एवढी रुंद कशाला? पुरी टम्म फुगते, मग भाकरी जाड थापली तर का फुगत नाही?

यावर जो कल्ला होतो, तो ऐकायला या एकदा! कुणी म्हणतं, तेलात हवा असते. कुणी म्हणतं, आचारी काहीतरी टाकतो. शेवटी कणकेतल्या पाण्यापर्यंत गाडी येते. तेल १८० ते २०० अंशांपर्यंत तापलेलं असतं. पुरीतलं पाणी त्यात झटकन वाफ होतं. एका चमच्याएवढ्या पाण्याची वाफ झाली, की तिला सुमारे १६०० चमच्यांएवढी जागा लागते. ती जाणार कुठे? पुरीचा वरचा पापुद्रा उचलते. पुरीला भोक पडलं असलं तर वाफ निघून जाते आणि पुरी बसते. चाकाचंही तसंच. चाक रुंद, म्हणजे ट्रॅक्टरचा भार जास्त जागेवर वाटला जातो, म्हणून काळ्या मातीत ते रुतत नाही. पंगतीत बसलेल्या पोराला हे सगळं दिसलेलं असतं. त्याला फक्त 'काऊन?' हा प्रश्न पडावा लागतो. आमच्या वऱ्हाडात 'का'ला 'काऊन' म्हणतात. माझ्या मते सगळं भौतिकशास्त्र या एका शब्दात मावतं.

मग घोडं अडतं कुठे?

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं की अडतं. तिथे असं काहीसं वाक्य असतं : 'वस्तूवर प्रयुक्त केलेल्या बलामुळे वस्तूचे बलाच्या दिशेने विस्थापन झाल्यास कार्य झाले असे म्हणतात.' काल ट्रॅक्टरवरून भांडणारी पोरं हे वाचून गप्प होतात. प्रयुक्त म्हणजे काय? विस्थापन म्हणजे? आणि 'कार्य'? आमच्याकडे घरी कार्य आहे म्हटलं की मांडव डोळ्यांपुढे येतो, लग्न नाहीतर मुंज! 'बल', 'शक्ती', 'ऊर्जा', 'जोर', 'ताकद' हे सगळे शब्द घरात एकाच अर्थाने वापरतात. पैलवानाला बल असतं, शक्ती असते, ताकदही असते. पुस्तक मात्र सांगतं, बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा आणखी वेगळी. तिघांची एककंही वेगळी : न्यूटन, वॅट, ज्यूल. ज्याला हा फरक कुणी उलगडून सांगितला नाही, तो तीन व्याख्या पाठ करतो, परीक्षेत एकीच्या जागी दुसरी लिहितो आणि ठरवतो की आपल्याला फिजिक्स जमत नाही.

तेच वाक्य आम्ही वर्गात असं केलं : ढकललं आणि हललं, तर कार्य झालं. ढकललं आणि हललंच नाही, तर नुसता घाम आला, कार्य नाही झालं. भिंत ढकलून बघितली. बाक ढकलून बघितला. पाच मिनिटांत काम फत्ते.

पण मुलं अशी सोडतात होय? एका मुलीने हात वर केला. "सर, माझी आई डोक्यावर हंडा घेऊन एवढ्या लांबून येते. तं ते काम नाही?" सगळा वर्ग तिच्या बाजूने. प्रश्न बरोबरच होता. सपाट रस्त्यावर हंडा वरही जात नाही आणि खालीही येत नाही, म्हणून त्याला पेलण्यासाठी लावलेल्या जोराने पुस्तकातलं 'कार्य' होत नाही. पण आई दमते हे खरंच आहे. तिच्या मानेतले, पाठीतले स्नायू सारखे ताणलेले राहतात, शरीरातली ऊर्जा खर्च होते आणि उष्णता होऊन निघून जाते. मग आम्ही हिशेब केला. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो. ते जमिनीवरून दीड मीटर उंच डोक्यावर घ्यायचं, तर १५ गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे साधारण २२० ज्यूल. भांड्याचं वजन सोडून. तेच पाणी १० मीटर खोल विहिरीतून शेंदलं तर १४७० ज्यूल. मुलीने तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, आईला दाखवायला.

शब्दांचा हा अडथळा आमच्याच गावाला आहे असं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. तिथले प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या खेड्यांतल्या शाळांत गेले, मुंबईच्या महापालिकेच्या शाळांतही गेले. मुलं विज्ञानात का मागे पडतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. पाठ तोच, त्यातलं विज्ञान तेच, फक्त भाषा सोपी केली. तेवढ्यानेही मुलांना जास्त समजू लागलं आणि वर्गात ती जास्त बोलू लागली. मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. जो बोलत नाही, तो 'काऊन' कधी विचारणार?

पुढे याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मराठी शाळेतल्या मुलाला कष्टाने समजलेलं 'बल' तिथे 'फोर्स' होतं, 'संवेग' 'मोमेंटम' होतो, 'त्वरण' 'ॲक्सिलरेशन' होतं. त्याच वर्षी गणितही एकदम चढ चढतं. म्हणजे भीती असते इंग्रजीची, थोडी गणिताची, आणि पावती फाटते फिजिक्सच्या नावाने!

आमची एक जुनी विद्यार्थिनी परवा भेटली. यंदा दहावीला आहे. म्हणाली, "सर, मी सायन्स घेत नाही. मले फिजिक्स जमत नाही." तिच्या घरी पिठाची गिरणी आहे. मी सहज विचारलं, "मोटारीची पुली लहान आणि गिरणीची मोठी का गं?" ती पटकन म्हणाली, "मोठी पुली सावकाश फिरते सर, पण जोर जास्त येते. लहान लावली तं चक्की पळंल, पण दाणे टाकले की मोटर दबंल." किती पट सावकाश, तेही तिने सांगितलं. मोटारीची पुली ४ इंची आणि गिरणीची १२ इंची, म्हणजे मोटारीचे तीन फेरे तेव्हा गिरणीचा एक. पट्टा सैल झाला की तीच ओढून बसवते. आता हिला फिजिक्स जमत नाही, असं कुणी म्हणावं? मी तिला म्हटलं, हे जे तू सांगितलंस त्याला पुस्तकात 'टॉर्क' म्हणतात. ती हसली. "हे व्हय ते?"

आर्ट्सला जाणं काही वाईट नाही. भूगोल आवडतो म्हणून जा, मराठी आवडते म्हणून जा. पण भुताला भिऊन वाट बदलायची, हे मला पटत नाही. ती काय ठरवते, ते निकालानंतर कळेल. तिच्या वडिलांशीही मी बोलणार आहे. कारण पालकांचं एक वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे : "आमच्या घरात कोणालेच हे जमलं नाही." मंडळी, मुलांसमोर एवढं तेवढं म्हणू नका. तुमच्या घरात पहार आहे, पंप आहे, सायकल आहे. जमतं तुम्हाला.

ज्यांना हा विषय आवडतो, त्यांना तो का आवडतो? सगळी हुशारच असतात का? मुळीच नाही. माझ्या वर्गात ज्या मुलाला पाढे येत नाहीत, तो काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करण्यात पहिला असतो. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटीत शिकलेला हा इंजिनिअर पुण्यात ट्रकच्या कारखान्यात होता. १९७८ साली तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यांतल्या विज्ञान कार्यक्रमात गेला आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करू लागला. पुढे २००३ ते २०१४ अशी वर्षं त्यांनी पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात घालवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. मग टिनाच्या छपराखाली, पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का दिसतात, हे त्या पाढे न येणाऱ्या मुलाने मला बोट दाखवून सांगितलं.

आवडण्याचं आणखी एक कारण म्हणजे हा विषय कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. गेल्या महिन्यात आम्ही शाळेतल्या कडुलिंबाच्या फांदीला दोरा बांधून त्याला दगड लटकवला. लहान दगड भरभर झुलेल की मोठा? मतदान घेतलं. बहुतेकांनी लहान दगडाला मत दिलं. वर्गातला पहिला नंबरही त्यांच्यातच. मग मोबाइलवर वेळ लावली. दोरा एक मीटरचा, वीस झोके, ४० सेकंद. दगड बदलला, मोठा बांधला. पुन्हा वीस झोके, ४० सेकंद! मग दोरा पाव मीटरचा केला, तर वीस झोके २० सेकंदांत. लांबी चौथ्या हिश्श्यावर आली आणि वेळ निम्मी झाली. दोऱ्याची लांबी फांदीपासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजायची आणि झोका छोटाच द्यायचा, एवढं पाळलं तर तुमच्याकडेही हेच आकडे येतील. ज्या दोन-चार मुलांनी 'फरक पडत नाही' म्हटलं होतं, ती एरवी मागच्या बाकावर बसतात. त्या दिवशी त्यांची कॉलर ताठ होती. पहिल्या नंबरवाला हिरमुसला, पण दुपारच्या सुट्टीत तोच एकटा दोरा घेऊन झाडाखाली उभा होता. अर्ध्या मीटरला किती येतं, ते बघत होता.

आता नागपंचमीला तुमच्याकडे झोके बांधतील. घड्याळ घ्या आणि दहा झोक्यांची वेळ मोजा. आधी एकाला बसवून, मग दोघांना बसवून. त्यानंतर एकट्यानेच फळीवर उभं राहून. बसलेल्याची आणि उभं राहिलेल्याची वेळ सारखी येत नाही. दोर तर तेवढाच आहे! आमच्या सातवीत सध्या यावरच भांडण चालू आहे.