दत्तक मुलाची पहिली भाषा

परदेशातून पाच-सात वर्षांचं मूल दत्तक आलं की आईबाबांना नवी भाषा शिकवायची घाई असते. मूल ती भराभर उचलतंही. पण जुनी किती पूर्णपणे जाऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ३ ते ८ वर्षांचे असताना कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या तरुणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरियन वाक्यं ऐकताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतर अनोळखी भाषांसारखाच होता. काहींनी तर शाळेच्या वयापर्यंत बोललेली भाषा!

मूल स्वतःच ती नाकारतं, असं पालक सांगतात. नकार खरा असतो, त्या भाषेत अनाथालयही असतं. म्हणून सक्ती नकोच. पण सगळंच पुसलं जातं असंही नाही. २०१४ च्या एका अभ्यासात, तान्हेपणी चीनमधून आलेल्या आणि फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा मेंदू चिनी सूर ऐकताना चिनी भाषकांसारखाच चालला. दोन भाषांनी मूल गोंधळेल ही भीतीही पटत नाही. स्थलांतरितांच्या घरोघरी मुलं दोन्ही बोलतात. मूळ नाव राहू द्यावं, पहिल्या भाषेतली गाणी घरात वाजावीत, आणि भावंडं सोबत आली असतील तर त्यांच्या आपसातल्या बोलण्यात मोठ्यांनी मुळीच अडथळा आणू नये.