वाकांडाचे कुंपण

पिंपरी-चिंचवडच्या चित्रपटगृहांत नवा सुपरहिरो आला की शिट्ट्या वाजतात, पडद्यावर इमारती कोसळतात आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याच गप्पा चालतात. त्यात वावगे काही नाही. आठ-आठ तास मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या पोराने दोन तास उडणारा माणूस पाहिला म्हणून चळवळ बुडत नाही. बहुतेक सुपरहिरो पुढच्या शुक्रवारपर्यंत विसरलेही जातात. एक मात्र आपल्या पोरांच्या डोक्यातून गेला नाही : 'ब्लॅक पँथर'. नवा कोणताही सुपरहिरो आला तरी तुलना त्याच्याशीच होते.

हा चित्रपट भारतात १६ फेब्रुवारी २०१८ रोजी लागला. तारीख लक्षात घ्या. त्याच वर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने ते ठिकाण फार लांब नाही. ३ जानेवारीला बाळासाहेब आंबेडकरांच्या हाकेवरून महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत पडद्यावर 'पँथर' ही अक्षरे झळकली. ज्या वस्तीत जुन्या माणसांच्या तोंडी अजून नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावे आहेत, तिथे या शब्दाचा अर्थ नुसता बिबळ्या होत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीपासून प्रेरणा घेऊन. ती पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्ये ऑकलंड शहरात स्थापन झाली. कॉमिकमधला पँथर तिच्याही आधी, त्याच वर्षीच्या जुलैत छापला गेला होता, म्हणजे या दोघांचे नाते निव्वळ योगायोगाचे. पण दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ऑकलंडचा, आणि त्याने चित्रपट सुरू केला तो त्याच शहरातल्या गरीब वस्तीतून. हा योगायोग नव्हे.

जाता जाता आपल्या सेन्सॉर बोर्डाचाही पराक्रम सांगितला पाहिजे. चित्रपटातील एका आफ्रिकी टोळीच्या तोंडी हनुमानाचे नाव होते. भारतात तेवढा शब्द मुका करण्यात आला. काळ्या माणसाने देवाचे नाव घेतले तर कोणाच्या भावना दुखावणार होत्या, हे बोर्डालाच ठाऊक!

आता मुद्द्याची गोष्ट. थिएटरात टाळ्या पडल्या त्या राजा टचाला याला. पण बाहेर चहाच्या गाडीवर वाद रंगला तो किलमाँगरवर, म्हणजे चित्रपटाच्या खलनायकावर. वाकांडा हे आफ्रिकेतले राज्य अफाट श्रीमंत आहे, विज्ञानात जगाच्या पुढे आहे. पण त्याने स्वतःभोवती मायावी पडदा ओढून घेतला आहे. जगाला ते गुराखी-शेतकऱ्यांचे गरीब राज्य वाटते. बाहेर त्याच रक्ताची माणसे गुलाम म्हणून विकली गेली, तरी वाकांडाने पडदा हलवला नाही. किलमाँगर हा त्याच राजघराण्यातला, बाप मारला गेल्यावर ऑकलंडमध्ये बेवारस सोडून दिलेला मुलगा. तो मोठा होऊन परत येतो आणि विचारतो : आमचे हाल होत होते तेव्हा तुम्ही कुठे होता? त्याचा मार्ग रक्तपाताचा आहे, तो आपल्याला मान्य होणार नाही. बुद्धाच्या अनुयायांना तर नाहीच. पण त्याचा प्रश्न खोटा ठरवता येत नाही. खुद्द टचालासुद्धा आपल्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात.

आपली पोरे या प्रश्नावर अडली, कारण वाकांडा त्यांनी पाहिलेला आहे. मराठवाड्यातून दुष्काळात उठून आलेली आपली माणसे या पट्ट्यात कामाला लागली. टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स यांतल्या पगारावर घरे उभी राहिली. खराळवाडी, नेहरूनगरच्या खोलीत अभ्यास करून मुले इंजिनियर झाली. हा बाबासाहेबांचा विजय आहे, त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. पुढे वाकड, रावेत, पिंपळे सौदागरला फ्लॅट झाले. मग दारावरच्या पाटीवरून आडनाव गेले. १४ एप्रिलला पिंपरी चौकातल्या पुतळ्याला हार घालून फोटो काढला की वर्षाचे कर्तव्य संपले. हा पडदा मायावी नाही, कर्जाच्या हप्त्यांनी विणलेला आहे. पण काम तेच करतो.

पडद्याच्या अलीकडे कोण आहे? चाकणच्या महाळुंगे, नाणेकरवाडी, खालुंब्रे भागात एका खोलीत पाच-सहाजण राहणारी पोरे. आयटीआय, डिप्लोमा झालेली, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. ज्या लाइनवर परमनंट कामगार उभा, त्याच लाइनवर तेच काम करणारी, पण पगार निम्म्याच्याही खाली आणि ब्रेक कधी मिळेल याचा भरवसा नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी माझी निराशा केली, ही व्यथा बाबासाहेबांनी बोलून दाखवली. किलमाँगर ऐकताना आपल्या पोरांना आग्रा आठवत असेल तर त्यात नवल काय?

चित्रपटाच्या शेवटी टचाला ऑकलंडला येतो, पाडायला काढलेली इमारत विकत घेतो, तिथे केंद्र उभारायचे ठरवतो आणि विज्ञान शिकवण्याची जबाबदारी बहिणीवर टाकतो. राजाला हे सोपे आहे. आपल्याकडे राजा नाही, असूही नये. मात्र युनियनच्या कमिट्यांत आपली माणसे आहेत. वेतनकरार झाला की पगारवाढीचे अभिनंदनाचे फलक लागतात, त्यात ठेकेदारी कामगाराचा एक शब्दही नसतो. पुढच्या कराराच्या मागणीपत्रात त्याच्या नावाचे एक कलम घालायला कमिटीतल्या आपल्या बांधवांना कोणती अडचण आहे, ते त्यांनी एकदा चाकणला येऊन या पोरांसमोर सांगावे.