जुन्या संगणकाची राखण

जुन्या वस्तूला दोनच गति असतात, असें पुष्कळांना वाटतें. एक तर ती मोडींत जावी, नाहीं तर पूर्वीप्रमाणेंच वापरांत राहावी. कार्यालयांतील जुन्या संगणकाच्या बाबतींत मात्र या दोहोंच्या मधून एक तिसरी वाट जाते. त्याला घरांत ठेवावें, घरच्यांशीं बोलूं द्यावें, परंतु रस्त्यावर पाठवूं नये. ही वाट सोपी दिसते; ती सुरक्षित केव्हां होते, हें मात्र नीट समजून घेण्यासारखें आहे.

मराठी छापखान्याचें उदाहरण घ्यावें. विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा संगणक तेथें अजून कोपऱ्यांत आढळतो. पानें जुळविण्याची पेजमेकर नांवाची जी प्रणाली, तिची सातवी आणि शेवटची आवृत्ति २००१ सालीं निघाली. त्या काळच्या मराठी टंकांत देवनागरी अक्षरांच्या आकृति रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेल्या असत, आणि ही मांडणीही प्रत्येक टंकाची निराळी असे. म्हणून तो टंक नसलेल्या संगणकावर तीं पानें उघडलीं, तर मराठी मजकुराऐवजीं रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसते. वीस वीस वर्षांचीं पुस्तकें, स्मरणिका व मासिकांचे अंक अशा एका यंत्राच्या आधारावर वाचतां येण्याजोगे राहिलेले असतात. तें यंत्र फेंकणें म्हणजे कुलूप ठेवून किल्ली विहिरींत टाकणें होय.

मग भय कशाचें? संगणकाच्या प्रणालींत उणिवा सांपडतच राहतात, आणि तिचा निर्माता त्या वेळोवेळीं बुजवितो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक्सपीची ही देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. त्यानंतर सांपडलेलें भगदाड उघडेंच राहतें. फरक इतकाच, कीं चोराला त्याची जागा ठाऊक झालेली असते.

पहिलें काम अर्थातच इंटरनेट तोडण्याचें. कार्यालयांतील प्रत्येक संगणकाला १९२.१६८.१.२० असा एक अंकी पत्ता असतो. हे पत्ते घरगुती वापराचे असून बाहेरच्या जगांत ते चालत नाहींत. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप राउटर नांवाच्या द्वारपालामार्फत जातो. या द्वारपालाचा पत्ता संगणकांत ‘गेटवे’ म्हणून नोंदविलेला असतो. जुन्या संगणकाला पत्ता हातानें नेमून द्यावा आणि गेटवेची जागा रिकामी ठेवावी, म्हणजे शेजारच्या संगणकाशीं त्याचें बोलणें चालू राहतें, पण दिंडीदरवाजा त्याला सांपडत नाहीं. तथापि ही रिकामी जागा कोणीही पुन्हा भरूं शकतो. म्हणून या यंत्राचा कोणताही निरोप बाहेर जाऊं द्यावयाचा नाहीं, अशी ताकीद राउटरलाही देऊन ठेवावी. बिनतारी जोडणी असल्यास तीही काढून टाकावी.

इतकें केलें कीं काम झालें, असें समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं २०१७ सालची हकीकत लक्षांत ठेवावी. त्या वर्षीं १२ मे रोजीं वानाक्राय नांवाचा उपद्रव जगभर पसरला. तो संगणकांतील कागदपत्रें सांकेतिक रूपांत कोंडून खंडणी मागत असे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंतील सुमारे एक तृतीयांश संस्थांच्या कामांत त्यामुळें व्यत्यय आला. एका यंत्रांतून शेजारच्या यंत्रांत जाण्यास त्याला कोणी कळ दाबण्याची आवश्यकता नव्हती. फायलींची देवघेव करण्याची एसएमबी नांवाची जी रीत आहे, तिच्या पहिल्या आवृत्तींतील भगदाडांतून तो आपोआप सरकत असे. त्याची दुरुस्ती दोन महिने आधीं, १४ मार्च रोजींच निघाली होती. परंतु एक्सपीसाठीं ती सर्वांना मिळाली १३ मे रोजीं, म्हणजे आग लागल्यावर.

या हकीकतींतील पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाला त्या उपद्रवाच्या रचनेंत इंटरनेटवरील एक लांबलचक, अर्थहीन पत्ता आढळला. त्यानें तो पत्ता नोंदवून घेतला आणि प्रसार एकदम मंदावला. कारण या पत्त्याकडून उत्तर आल्यास काम थांबवावें, अशी योजना उपद्रवांतच होती. पण जें यंत्र इंटरनेटपर्यंत पोंचूंच शकत नव्हतें, त्याला हें उत्तर कोठून मिळणार? तेथें उपद्रव चालूच राहिला. दरवाजा बंद होता खरा, परंतु आग शेजाऱ्याच्या घरांतून आली होती.

म्हणून दुसरें काम शेजार मर्यादित करण्याचें. नव्या विंडोजमध्यें एसएमबीची पहिली आवृत्ति आपोआप बसविणें २०१७ च्या अखेरीपासून बंद होत गेलें. एक्सपीला मात्र तीच एक भाषा येते. जुना संगणक दिसेनासा झाला, कीं दुरुस्तीस आलेला कारागीर ती जुनी रीत सर्व संगणकांवर पुन्हा चालू करून देतो. एका घराच्या सोयीसाठीं साऱ्या आळीचीं दारें सताड उघडण्यासारखें हें आहे.

जुन्या वाड्यांत आलेला माणूस थेट माजघरांत जात नसे; देवडीवर त्याची विचारपूस होई. येथेंही तशीच देवडी बांधावी. एक लहानसा मध्यस्थ संगणक घ्यावा. त्याची प्रणाली आजही देखभालींत असलेली असावी. त्याला दोन जोडण्या द्याव्या, एक जुन्या यंत्राकडे व दुसरी बाकीच्या कार्यालयाकडे, आणि एका बाजूची वाहतूक दुसऱ्या बाजूस परस्पर जाऊं देऊं नये. जुनी भाषा केवळ जुन्या बाजूसच चालावी. फाइल आधीं देवडींत ठेवावी, तेथें तपासावी, मगच पुढें न्यावी.

तिसरें भय पेन ड्राइव्हचें. इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्राचीं यंत्रें इंटरनेटपासून अलग होतीं. तरीही २०१० सालीं उघडकीस आलेला स्टक्सनेट नांवाचा उपद्रव तेथें शिरला, आणि तो पेन ड्राइव्हच्या वाटेनें गेला असें मानलें जातें. कुंपणावरून न येणारा चोर मालकाच्या खिशांतून येतो. तेव्हां कोणाचीही पेन ड्राइव्ह जुन्या यंत्रास लावूं नये, आणि ती लावतांच आंतील आज्ञा आपोआप सुरू होण्याची एक्सपीमधील सोय बंद करावी.

एवढ्यानें चोर अडेल. काळ अडणार नाहीं. जुनी डिस्क एखाद्या सकाळीं न सांगतां बंद पडते. म्हणून संपूर्ण डिस्कची नक्कल दोन ठिकाणीं ठेवावी आणि त्या नकलेवरून काम खरोखर सुरू होतें कीं नाहीं, हें एकदां करून पाहावें. त्याबरोबरच जुन्या टंकांतील मजकूर थोडा थोडा युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा, म्हणजे तो कोणत्याही नव्या संगणकावर वाचतां येईल.

जुन्या यंत्राची राखण ही त्याला अमर करण्यासाठीं नसते. त्याच्या पोटांतील ठेव सुखरूप बाहेर येईपर्यंत अवधि मिळावा, एवढ्यासाठींच ती असते. बंद दारामुळें तो अवधि मिळतो. त्यांत ठेव बाहेर काढण्याचें काम मात्र माणसालाच करावें लागतें.